लाकडाचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. आमच्या अण्णांनी त्यात लाकूडही धरलं होतं. 1984 साली पुण्याच्या टिंबर मार्केटमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक जुना लेथ बसवला आणि लाटणी, रव्या, भोवरे कातायला सुरुवात केली. वखारवाल्याचं बिल, सागाचा ओंडका असला तर वाहतूक पास आणि ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, एवढं दिसलं की ते पुढचं काही विचारत नसत. नख रोवून, वास घेऊन लाकूड ओळखायचे आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मी धंद्यात आलो तेव्हा पोळपाट-लाटण्याबरोबर कालथे, सॅलडचे चमचे, भाजी कापायचे पाट असा माल सुरू झाला. मुंबईतल्या एका निर्यातदारामार्फत तो हॉलंडला जायचा. सगळ्यात जास्त खप शिसवीचा. जानेवारी 2017मध्ये शिसवाचं अख्खं घराणंच, म्हणजे डालबर्जिया या कुळातली जवळजवळ सगळी झाडं, साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि परवानगीची कागदपत्रं नसलेला आमचा माल गोदामात अडकला. त्याच सुमारास हॉलंडच्या ग्राहकाने विचारलं, ‘तुमच्याकडे एफएससी आहे का?’ म्हणजे लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं असल्याचं प्रमाणपत्र. मी वाहतूक पासाची प्रत पाठवली. उत्तर आलं की यावरून लाकूड चोरीचं नाही एवढंच कळतं, जंगलाचं काय झालं ते कळत नाही.

मला तेव्हा राग आला होता. खरं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं. एफएससी, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, ही संस्था 1993 साली निघाली, आता तिचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉनला आहे. तिची दहा तत्त्वं आहेत. तिथे कायद्याचं पालन ही फक्त पहिली पायरी. पुढे मजुरांचे हक्क, जंगलावर जगणाऱ्या लोकांचे हक्क, पाणी, पक्षी-प्राणी, तोडलं त्याच्या बदल्यात काय उगवतंय, हे सगळं तपासतात. पण ती तपासणी जंगलाची. आमच्यासारख्याला लागतं ते दुसरं प्रमाणपत्र, चेन ऑफ कस्टडी, म्हणजे लाकूड कोणाकोणाच्या हातून आलं त्या साखळीचं. जंगल, सॉ मिल, आयातदार, कारखाना, लाकूड ज्याच्या ज्याच्या मालकीचं होत जातं त्या प्रत्येकाकडे ते हवं. मधला एक जण जरी सुटला तरी पुढच्या कोणाला माल एफएससीचा असल्याचा दावा करता येत नाही.

आम्ही शिसव कमी करून बीच घ्यायला लागलो. युरोपातलं लाकूड, न्हावा शेव्याला उतरणारं. रंगाला फिकट, कातायला मऊसूत. पहिला लॉट घेतला तो प्रमाणपत्र असलेल्या पुरवठादाराकडूनच. मी निर्धास्त. प्रमाणपत्रासाठी तपासणीला आलेल्या ऑडिटर बाईंनी बिल हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘यावर दावा कुठे आहे?’ बिलावर ‘एफएससी 100%’ असे शब्द आणि पुरवठादाराचा प्रमाणपत्र क्रमांक असायला हवा होता. दोन्ही नव्हतं. पुरवठादार प्रमाणित, जंगल प्रमाणित, पण तो लॉट आमच्या दप्तरात साधं लाकूड. पुरवठादार दुरुस्त बिल देतो म्हणाला आणि चार महिने नुसता ‘उद्या’ म्हणत राहिला. तो सगळा बीच आम्ही देशी बाजारात चमचे करून विकला. तेव्हापासून ट्रक आला की आधी बिल वाचायचं, मग दोरी सोडायची. पुरवठादाराचं प्रमाणपत्र चालू आहे का आणि त्यात हे लाकूड बसतं का, हेही संस्थेच्या जाहीर यादीत दर वेळी बघायचं.

दुसरी अडचण घरचीच. प्रमाणित फळ्या साध्या लाकडात मिसळू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना हिरवा रंग लावायचं ठरवलं. पण लेथजवळ पडणारे तुकडे? टोक कापलं की रंगही गेला. आमच्या जुन्या मिस्त्रींना हे सगळं थोतांडच वाटायचं. ‘दादा, चुलीत घातलं तर दोन्हीची राख पांढरीच,’ असं ते म्हणाले. शेवटी त्यांनीच तोड काढली. आठवड्यातले तीन दिवस फक्त हिरव्या टोकांचं लाकूड, मधल्या दिवशी झाडलोट, उरलेल्या दिवसांत बाकीचं. ऑडिटर बाईंना ती व्यवस्था माझ्या सगळ्या फायलींपेक्षा जास्त आवडली.

हिशेबही सांगतो, कारण नवीन लोक तिथेच घसरतात. कातकामात नासाडी फार. आमच्याकडे 1 घनमीटर फळीमागे तयार माल जेमतेम 0.4 घनमीटर निघतो, बाकी भुसा. हे गुणोत्तर मोजून लिहून ठेवावं लागतं आणि ऑडिटर खरेदीला त्याने गुणून विक्रीशी ताडून बघतात. घेतलं त्यापेक्षा जास्त विकलं असेल तर तिथेच कळतं. शिक्क्याचंही तसंच. पोराने उत्साहाने दोन हजार खोक्यांवर एफएससीचं ते झाडाचं चिन्ह छापून आणलं. छपाईआधी मंजुरी घ्यावी लागते हे त्याला मीच सांगितलं नव्हतं. ती खोकी अजून माळ्यावर आहेत.

प्रमाणपत्र पाच वर्षांचं, ऑडिट दर वर्षी. पहिल्या वर्षी आम्हाला दीड लाखाच्या वर पडलं. चौदा माणसांच्या कारखान्याला ते जड जातं. लहान कारखान्यांनी मिळून गटाने प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे, ती मला उशिरा कळली.

पैशांपेक्षा खुपतं ते वेगळंच. राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येला गेला, तेव्हा सगळ्या टिंबर मार्केटची छाती फुगली होती. माझ्या ग्राहकाला मात्र क्रोएशियाचा बीच चालतो आणि हा साग चालत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड वनविभागाला मध्यंतरी एफएससी मिळालं होतं, पण मुदत संपल्यावर ते पुढे चालू राहिलं नाही. डिसेंबर 2023मध्ये केंद्राने भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणली. भोपाळची वनव्यवस्थापन संस्था ती चालवते. त्यात जंगलाबाहेरच्या झाडांसाठी, म्हणजे बांधावरच्या, शेतातल्या झाडांसाठी वेगळा भाग आहे. माझं लक्ष त्यावर आहे.

त्यात युरोपचा 2023चा नवा नियम आला. 31 डिसेंबर 2020नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचा माल नको, आणि झाड जिथे तोडलं त्या जागेचे अक्षांश-रेखांश द्या. स्वयंपाकघरातलं लाकडी सामानही त्याच्या यादीत आहे. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, पण ग्राहकाचे फॉर्म कधीच येऊन पडलेत. एफएससी असलं तरी ते भरावेच लागतात.

गेल्या पावसाळ्याआधी भोरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा साग घेतला. वडिलांनी लावलेली बांधावरची झाडं. तोडीची परवानगी, पास, ठसा, सगळं व्यवस्थित. मी बांधावर उभा राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतले. ‘झाड तोडल्यावर जागा कशाला मोजताय?’ असं ते हसत म्हणाले. मी त्यांना हॉलंडच्या ग्राहकाची गोष्ट सांगितली. त्यांना ती फारशी पटली नाही. आकडे मी स्टॉक रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेत. त्या ओळीतला प्रमाणपत्राचा रकाना रिकामा आहे, आणि फळ्या शेडच्या दुसऱ्या टोकाला, रंग न लावता, वाळताहेत.