तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर चिडले नाहीत का हो?

गुडघ्याची वाटी बदललेली कुणी भेटली की बोलता बोलता हा प्रश्न येतोच, ऑपरेशननंतर गुडघ्यात इन्फेक्शन तर नाही ना, असं तुम्ही सर्जनला तोंडावर कसं विचारलंत, डॉक्टर चिडले नाहीत का. परवा एका ताईंचा फोन आला, त्यांच्या आईचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेत आणि टाक्यांतून अजून पाणी येतंय. फोनवर जमलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते.

तर हो, चिडले.

माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा मी ६२ वर्षांची होते. पहिले दहा दिवस छान गेले, वॉकर धरून ओट्यापर्यंत जाऊन मी चहासुद्धा टाकला. अकराव्या दिवशी ड्रेसिंगच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा पिवळसर डाग दिसला, दुसऱ्या दिवशी तो तळहाताएवढा झाला. फोन केला तर तिकडून असिस्टंट डॉक्टर म्हणाले, काकू, थोडं पाणी सगळ्यांनाच येतं, पाय वर ठेवून पडून राहा. आणि मी राहिले पडून. आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात की हिने बाळंतपणातसुद्धा तोंडातून आवाज काढला नाही, त्या वळणावर वाढलेली बाई काय करणार, चार दिवस गप्प पडून राहिले. ते चार दिवस मला आजही खटकतात.

जाग आणली ती व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने हाताची मागची बाजू आधी डाव्या गुडघ्यावर ठेवली, मग उजव्या, मग परत डाव्या. काही बोलली नाही, माझाच हात धरून मला तसं करायला लावलं. उजवा गुडघा आत्ताच इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा लागत होता. ऑपरेशननंतर बरेच आठवडे गुडघा थोडा कोमट राहतोच, पण ती म्हणाली, काकू, मागच्या आठवड्यात हा एवढा गरम नव्हता.

त्या संध्याकाळी मी दुधाच्या हिशोबाची वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला लागले. तारीख, सकाळ-संध्याकाळचा ताप, दिवसभरात किती गॉज भिजले, गुडघा किती वाकला, रात्री दुखून किती वेळा उठले. नातीने रोज त्याच खिडकीपाशी जखमेचा फोटो काढला म्हणजे उजेड सारखा राहील. फार दुखतंय म्हटलं की लोक सोसायला सांगतात, पण सोमवारी दोन गॉज आणि गुरुवारी पाच असं लिहिलेलं दाखवलं की वाचावंच लागतं.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीमुळे कळली, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. फॅमिली डॉक्टर अँटिबायोटिक लिहून द्यायला निघाले होते, ती म्हणाली मावशी, सांध्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जाईपर्यंत गोळी घेऊ नकोस, नाहीतर जंतू कित्येकदा रिपोर्टमध्ये सापडत नाही आणि नेमकं औषध कुठलं द्यायचं ते कळत नाही. (थंडी वाजून ताप भरला, गळून गेल्यासारखं झालं तर मात्र असलं काही न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं.) तिनेच सीआरपी, म्हणजे अंगात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारा रक्तातला घटक, तपासायला लावला. ऑपरेशननंतर तो वाढतो आणि मग उतरत जातो, माझा उतरून परत चढला होता.

मग मी सर्जनकडे गेले, वही, फोटो आणि कागदावर तीन प्रश्न लिहून. हे इन्फेक्शन नाही असं आपण कशावरून म्हणतोय? सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायचं का? तपासायचं नसेल तर का नाही, ते फाईलवर लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी पेन खाली ठेवलं. आमचे हे बाजूने हळूच म्हणाले चल आता, पण मी उठले नाही. डॉक्टर म्हणाले आठवडाभर बघू. मला आठवडा घालवायचा नव्हता.

बाहेर येऊन काउंटरवर सगळे कागद मागितले तर फाईल देत नाही म्हणाले. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदांची कॉपी द्यायची. साधा अर्ज लिहिला, आपल्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घेतली, तिसऱ्या दिवशी कागद हातात. ऑपरेशनची नोट, रिपोर्ट आणि इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे स्टिकर, ते स्टिकर तर मागाच, कंपनी, साइज, लॉट नंबर त्यावर असतो आणि पुढच्या सर्जनला तेच लागतं.

पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सुई घातली आणि सिरिंजमध्ये गढूळ पू आला. घाई का, तर धातूवर जंतू बसले की स्वतःभोवती एक चिकट थर करतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. लवकर कळलं तर गुडघा उघडून धुतात, मधलं प्लास्टिक बदलतात आणि धातू वाचू शकतो, माझा वाचला, पुढे सहा आठवडे शिरेतून औषध. उशीर झाला तर बऱ्याचदा सगळं काढून अँटिबायोटिकवालं सिमेंट भरतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी परत नवीन बसवतात, म्हणजे अजून दोन मोठी ऑपरेशनं.

बरेच जण विचारतात, महागडं इम्प्लांट घेतलं असतं तर? नसता फरक पडला. जास्त पैसे भरले म्हणून जंतू लांब राहत नाहीत. इन्फेक्शन शंभरात एखाद-दोघांना होतंच, चांगल्या सर्जनकडेही होतं, माझ्या त्या डॉक्टरांचा हात मी आजही वाईट म्हणणार नाही. माझं भांडण त्या आठवडाभर बघूशी होतं.

ताई, तीन आठवड्यांनी टाक्यांतून पाणी येणं नॉर्मल नाही. आत्ता आईच्या दोन्ही गुडघ्यांना हाताची मागची बाजू लावून बघा, आजच्या जखमेचा फोटो काढून ठेवा, आणि गुडघा गरम लागो न लागो, उद्या सकाळचा पहिला नंबर लावा.