छोट्या ऑफिसात प्रॉक्सी सर्व्हर बसवताना

सांगलीतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयातील संगणकांची व्यवस्था मी पाहतो. अठरा संगणक आणि त्या सर्वांना मिळून ५० एमबीपीएसची एकच फायबर जोडणी. जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची, म्हणजे जीएसटीआर-३बीची, २० तारीख जवळ आली की दुपारी नेट मंदावत असे आणि नेमका कोणता संगणक ते ओढतो आहे, हे सांगण्याचे कोणतेही साधन माझ्याजवळ नव्हते. आयकर विवरणपत्रांसाठी ३१ जुलैची घाई सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे सर्व संगणकांची नेटवरची ये-जा ज्यातून होते आणि नोंदली जाते असे मधले यंत्र, बसवावा, असे मी सरांना सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले.

मांडणीला फार वेळ लागला नाही. पडून असलेल्या ८ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर उबुंटू सर्व्हर २२.०४ ही कार्यप्रणाली घातली, त्यावर स्क्विड हे प्रॉक्सीचे सॉफ्टवेअर बसवले, यंत्राला १९२.१६८.१.१० हा स्थिर पत्ता दिला आणि स्क्विडचे नेहमीचे ३१२८ हे पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) तसेच ठेवले. एका रविवारी दुपारच्या जेवणाआधी हे सारे उरकले.

एकदा उतरलेली पाने पुन्हा सर्व्हरवरूनच मिळतील आणि नेटवरचा ताण हलका होईल, ही माझी मूळ अपेक्षा मात्र लगेच सोडून द्यावी लागली. आज जवळजवळ सर्व संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, चालतात. अशा वेळी ब्राउझर प्रॉक्सीकडे फक्त ‘कनेक्ट’ची, म्हणजे त्या संकेतस्थळाशी जोडून देण्याची, विनंती करतो आणि पुढचा सारा मजकूर कूटबद्ध बोगद्यातून जातो, त्यामुळे त्यातले काही साठवून ठेवणे स्क्विडला शक्यच नसते. प्रत्येक संगणकावर आपले प्रमाणपत्र बसवून तो बोगदा मध्येच उघडता येतो, हे खरे. पण आमच्याकडून अशिलांचे बँकेचे आणि आयकराचे पासवर्ड रोज जातात. ते उघडून पाहू शकणारे यंत्र कार्यालयात असणे मला योग्य वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

खरे काम सोमवारपासून सुरू झाले. संगणकांना प्रॉक्सीचा पत्ता देऊन भागत नाही, कारण तो न जुमानणारी प्रत्येक गोष्ट थेट राउटरमधून बाहेर पडतच राहते. म्हणून राउटरवर नियम घातला की संकेतस्थळांसाठीच्या ८० आणि ४४३ या पोर्टांवरून फक्त १९२.१६८.१.१० ने बाहेर जावे; ब्राउझर क्विक नावाची जोडणीपद्धत वापरतात आणि ती यूडीपी या वेगळ्या प्रकारच्या वाहतुकीवरून जाते, म्हणून यूडीपीचे ४४३ सर्वांनाच बंद केले. ही वाट बंद होताच आजवर तिच्यावरून कोण कोण जात होते, ते एकेक करून समोर येऊ लागले. विंडोजची अपडेट्स थांबली, कारण ती ब्राउझरची सेटिंग न वाचता विनएचटीटीपी या विंडोजच्या अंतर्गत भागाची स्वतंत्र सेटिंग वाचतात. ती प्रत्येक संगणकावर नेटशेल या विंडोजमधल्याच साधनाच्या आज्ञेने द्यावी लागली. विवरणपत्रे भरण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीचा रकाना निराळाच होता.

सर्वांत जास्त वेळ एका बँकेच्या पोर्टलने घेतला. हिशेब पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, “अहो, कालपर्यंत उघडत होतं, आज पान येतच नाही.” मी स्क्विडचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडला, तर त्यांच्या संगणकापुढे ‘टीसीपी डिनाइड ४०३’ (नकार) आणि पत्त्याच्या शेवटी ८४४३ असे दिसले. स्क्विडची मूळ मांडणी ‘कनेक्ट’ची परवानगी फक्त ४४३ पोर्टाला देते. त्या एका पत्त्यासाठी परवानगीचा नियम लिहून मी तो फाइलच्या शेवटी टाकला आणि अर्धा तास काहीच बदलले नाही. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जुळणारा नियम सापडला की तिथेच थांबतो. माझा नियम ‘सर्वांना नकार’ या ओळीच्याही खाली होता. तो ‘कनेक्ट’ नाकारणाऱ्या ओळीच्या वर नेला, फाइल तपासून स्क्विडला पुन्हा वाचायला लावली, आणि पान उघडले.

लॉगबद्दल मी आधीच सर्वांशी बोललो होतो. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो याची नोंद राहणार आहे, हे आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएचे प्रशिक्षण घेणाऱ्या, मुलांना दुसऱ्या कुणाकडून कळावे, हे मला पटणारे नव्हते. पानावर काय वाचले किंवा लिहिले ते त्यात दिसत नाही, नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जातात आणि त्या सर आणि मी दोघांनी एकत्र बसूनच पाहायच्या, हे त्यांच्यासमोर ठरवले.

अपडेट्सच्या पत्त्यांना वेगाची मर्यादा घालताना एक चूक झाली. २ एमबीपीएस हवे म्हणून मी २०,००,००० लिहिले. पण स्क्विडचे डिले पूल (वेगमर्यादेची सोय) बिट नव्हे, बाइट (आठ बिट) मोजतात, म्हणजे प्रत्यक्षात १६ एमबीपीएसची मोकळीक दिली गेली. २,५०,००० लिहिल्यावर ते जागेवर आले.

२० जूनला दुपारी नेट पुन्हा मंदावले. कूटबद्ध जोडणीची नोंद ती बंद झाल्यावरच पडते, म्हणून थोडे थांबावे लागले. मग एकच ओळ आली: चाळीस मिनिटे, चार जीबींहून अधिक. नव्या संगणकावर क्लाउडवरचे अख्खे फोल्डर उतरत होते. ते काम आता रात्री नऊनंतर होते.