तुम्ही विचारलंत म्हणून: काचेतला तंबोरा

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या संग्रहालयात आधी व्याख्यान आणि मग गाणं असतं. कार्यक्रम संपला की माणसं वाद्यदालनातून बाहेर पडतात, आणि एकजण तरी माझ्याकडे वळून विचारतोच, "तुमच्याकडे एवढी वाद्यं पडून आहेत, मग गाण्याला तंबोरे बाहेरून का आणता? तो काचेतला मोठा काढा की एकदा." 2012 पासून हा विभाग माझ्याकडे आहे. हा प्रश्न किती वेळा आला ते मोजणं मी सोडून दिलंय.

घाईत असले की मी सांगते, "नियम आहे." ओळखीचं कुणी असलं तर म्हणते, "जुनं लाकूड आहे हो, कोरड्या हवेत तडकतं." दोन्ही उत्तरं खोटी नाहीत. पण दोन्हींतून मी स्वतःला अलगद बाजूला काढून घेतलेलं आहे. गेल्या महिन्यात असं काही झालं की आता पूर्ण उत्तर द्यायलाच हवं.

आधी नियमाचं बोलते. सरसकट बंदी असा नियम कुठेच नाही. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाद्यसंग्रहांची वेगळी समिती आहे. तिने 1985 मध्ये काही शिफारशी केल्या, त्यांचा रोख एवढाच की वाजवण्याआधी त्या एका वाद्याची नीट तपासणी करा आणि धोका कोण कशासाठी पत्करतोय ते ठरवा. हे मला नोकरीला लागल्यापासून माहीत होतं. माहीत असूनही मी 2016 मध्ये तो तंबोरा बाहेर काढला.

तेव्हाचं माझं टिपण फायलीत आहे. त्यात लिहिलंय: "वाद्य म्हणजे आवाज. आवाज वगळून आपण फक्त लाकूड आणि भोपळा जपतो आहोत." इटलीतल्या जिनोआ शहराने थोर व्हायोलिनवादक पॅगानिनीचं व्हायोलिन सांभाळून ठेवलंय, त्याच्या नावाच्या स्पर्धेतल्या विजेत्यांना ते वाजवायला मिळतं, हाही दाखला मी दिला होता. आज ते टिपण वाचताना त्यातलं एकही वाक्य मला चुकीचं वाटत नाही, आणि याचाच मला जास्त त्रास होतो.

तंबोरा मिरजेचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, त्या परंपरेतलं हे काम. मोठा पुरुषी तंबोरा, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा. ज्या कुटुंबाने तो संग्रहालयाला दिला त्या घरातल्या आजी तेव्हा हयात होत्या. वडिलांचा तंबोरा त्यांनी लग्नाआधी ऐकलेला. "एकदा ऐकव गं," असं त्या मला दर खेपेला म्हणायच्या. मी शब्द दिला.

त्या शनिवारचं व्याख्यान जवारीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या गुंजणाऱ्या झंकारावर होतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये तंतुवाद्यांवर एक लेख लिहिला होता, त्यात तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा विचार आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर, उमटायलाच नकोत, कारण ती जागा त्यांच्यासाठी स्थिर बिंदू असते. तंबोऱ्यात ते उपस्वर ऐकू येतात. कारण घोडीचा माथा अरुंद धारेचा नसून रुंद आणि किंचित उताराचा असतो, आणि तार थरथरताना त्याला पुन्हा पुन्हा लागते. व्याख्यात्यांनी नव्या तंबोऱ्यावर आधी घोडीवरचं तारेखालचं सूत काढून तार छेडली, मग सूत सरकवत सरकवत आणलं. एका जागी आवाज असा उमलला की मागच्या रांगेतली मुलंसुद्धा गप्प झाली. व्याख्यान आणि गाणं एकाच संध्याकाळी ठेवायचा माझा हट्ट असतो, तो अशाच क्षणांसाठी.

काळजी घेतली नव्हती असं कुणी म्हणू नये. जुन्या घोडीची जवारी बसली होती. ती पुन्हा काढायची म्हणजे घोडीवर कानस चालवायची आणि मूळ कारागिराच्या हाताची खूण पुसायची. मी नाही म्हटलं. जुनी घोडी पेटीत ठेवली आणि नवी बसवून घेतली. तारा चार दिवसांत थोड्या थोड्या चढवल्या. दालनातली आर्द्रता आम्ही पन्नास टक्क्यांच्या आसपास राखतो. फेब्रुवारीत चौकातली हवा बरीच कोरडी असते, म्हणून तंबोरा आदल्या दिवशीच बाहेर आणून ठेवला. कोरड्या हवेला सरावावा हा माझा हिशेब. एका दिवसात लाकूड सरावत नसतं, हे आता कळतं.

त्या दिवशीचे गायक बुवा, त्यांनी आधी मुलतानी रागिणी गायली. जुना तंबोरा त्यांच्या उजवीकडे होता, त्यांची शिष्या वाजवत होती. अकरावीतली मुलगी. आजी पहिल्या रांगेत, डोळे मिटलेले, उजव्या हाताची चार बोटं मांडीवर तंबोऱ्याबरोबर हलताहेत. ते दृश्य मी विसरणार नाही, आणि विसरायचंही नाही.

मुलतानी संपल्यावर बुवांनी मला जवळ बोलावलं. "पुरिया राग घ्यावा म्हणतो. त्यात पंचम नाही, पंचमाची तार निषादाला लावावी लागेल. जुना बाजूला ठेवू का?"

त्यांनी विचारलं होतं. मला वाट करून दिली होती. मी म्हणाले, "नको बुवा, दोन्ही असू देत."

पंचमाची तार निषादावर नेली की तिच्यावरचा ताण दीडपटीहून थोडा जास्तच होतो. गवयांच्या घरी हे रोज होतं, नव्या तंबोऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. हा तंबोरा पन्नासेक वर्षं सैल तारांवर उभा होता.

विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. 'टक्' असा आवाज आला. सुपारी फुटावी तेवढाच. मी भोपळ्यापासून दोन हातांवर बसले होते. लोकांना कळलं नाही, बुवांनाही नाही. त्या मुलीला कळलं. तिने बोटं न थांबवता माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वाजव.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं ती वाजवत राहिली आणि मी ऐकत राहिले. मला पुरिया ऐकू येत नव्हता. मी फक्त भोपळ्याकडे बघत होते. उठून थांबवणं अवघड नव्हतं, नवा तंबोरा सुरात होताच. पण चौक भरलेला, बुवा रंगात आलेले, आजी समोर. आणि खरं सांगायचं तर ते टिपण माझं होतं. चार बैठकांत भांडून मी परवानगी मिळवली होती. तेव्हा थांबवलं असतं तर ज्यांच्याशी भांडले त्यांचंच खरं झालं असतं.

सकाळी पाहिलं तर भोपळा आणि दांडी जुळतात त्या गळ्यापासून खाली वीतभर चीर गेलेली.

मिरजेहून कारागीर आले. बोटाच्या पेराने भोपळा वाजवत वाजवत गेले, एका ठिकाणी आवाज बसका आला तिथे थांबले. म्हणाले, "ताई, सरस आधीच सुटलेला होता. आज ना उद्या जाणारच होता. पण तुम्हाला आवाज आला तेव्हाच तारा उतरवल्या असत्या तर चीर इथपर्यंत आली नसती." दोन बोटांचं अंतर त्यांनी दाखवलं. पुढच्या काळात त्यांचं पहिलं वाक्य मी खूप जणांना सांगितलं. शेवटचं आज सांगते आहे.

नवा भोपळा बसवून द्यायला ते तयार होते. अगदी खात्रीने म्हणाले, पुन्हा वाजेल. मी नको म्हटलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याने 1720 मध्ये केलेला पियानो आहे, आज शिल्लक असलेला सर्वांत जुना. त्याची आवाज देणारी लाकडी फळी 1938 मध्ये बदललेली आहे. मग त्यातून येणारा आवाज कुठल्या सालचा म्हणायचा? नव्या भोपळ्याचा तंबोरा हा आजींच्या वडिलांचा तंबोरा राहिला असता का? कारागिरांना हा प्रश्नच अनाठायी वाटला. त्यांच्याकडे वाद्य दुरुस्त होतं आणि पुढे वाजतं. त्यांचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि आजी. चीर गेल्याचं सांगायला मी घरी गेले तेव्हा मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात धरला. "वाजला ना? मग झालं." त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्यापुरतं पाहिलं तर मी बरोबर केलं. एवढ्यावर मी कित्येक रात्री झोपले आहे. पण संग्रहालय एकट्या आजींसाठी नसतं. अजून न जन्मलेल्या कुणाला तो तंबोरा आतून कसा जोडला होता हे पाहायचं असेल, त्याच्या वाट्याचं मी काढून घेतलं.

आता गेल्या महिन्याचं. तंबोऱ्यावर बसलेली ती मुलगी आज चांगली गाते. वाद्यसंग्रहांवर काही अभ्यास करायचा म्हणून ती आमच्याकडे आली होती आणि मीच तिला फायली काढून दिल्या. माझ्या अहवालातलं वाक्य तिने वाचलं: "कार्यक्रमादरम्यान हाताळणीत तडा." तंबोरा तिच्या हातात होता. ती मला म्हणाली, "म्हणजे मला वाटायचं ते खरंच होतं. मी मांडीवर नीट धरला नव्हता." इतकी वर्षं ती हे मनात घेऊन फिरत होती. मला ओळही सुचेना. मग तिला सगळं सांगितलं. बुवांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, आणि मान का हलवली. ती बराच वेळ गप्प होती. "तुम्ही मान हलवलीत म्हणून मला बरं वाटलं होतं," एवढंच म्हणाली.

अहवालाला मी आता पुरवणी जोडली आहे. तडा कोणाच्या निर्णयाने गेला ते त्यात लिहिलंय.

तर, काचेतला का काढत नाही? तो आता काढण्याजोगा नाही, आणि तो तसा माझ्यामुळे झाला. बाकीची का काढत नाही? कारण पुन्हा 'टक्' ऐकू आला तर मी उठेन, याची मला खात्री देता येत नाही. याला कुणी सरकारी वृत्ती म्हणतं, कुणी भित्रेपणा. म्हणा. पण एक सारंगी आहे आमच्याकडे, बऱ्या अवस्थेत आहे. परवाच एक तरुण सारंगिये काचेला नाक लावून उभे होते, आणि नाही म्हणताना मला माझंच जुनं टिपण पाठ म्हटल्यासारखं आठवत होतं.

इटलीतल्या क्रेमोना या व्हायोलिनांच्या गावाची बातमी मला आजही कुणी ना कुणी पाठवतं. 2019 मध्ये तिथल्या जुन्या व्हायोलिनांचे आवाज टिपून घ्यायचे होते, म्हणून सभागृहाभोवतीची रहदारी थांबवली होती. आमच्याकडेही त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण आहे. त्यातला तुकडा काचेशेजारी हेडफोनवर ऐकवावा अशी सूचना यंदा आली आणि ती मला पसंत आहे. मुलतानीचा घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं. मी पुरियाचा मागते आहे, तो आवाज न कापता. पुढच्या बैठकीत पुन्हा विषय निघेल.