घसा, पाटी आणि बत्तीस वर्षं

२०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला. इंग्लंडमधल्या मी शिकवते त्या शाळेची उन्हाळी सुट्टी सप्टेंबर उजाडेपर्यंत असते, त्यामुळे कितीतरी वर्षांनी दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, पोरांचा पोळा, मला नागपुरात मिळाला. दिवसभर मारबतीच्या मिरवणुकीतला 'घेऊन जा गे मारबत'चा गजर कानात होता. संध्याकाळी महाल भागातल्या आमच्या ओट्यापुढे पोरं लाकडी बैल ओढत बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागायला आली, आणि त्यांच्या मागोमाग माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका. शिक्षणसेवक म्हणून तिचं दुसरं वर्ष चाललंय, आठवी-नववीला गणित शिकवते.

चहा होईस्तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. तिकडे जाऊन बरं वाटून राहिलं का? मला तर दोनच वर्षांत थकल्यासारखं होऊन राहिलं."

तिचा आवाज फाटलेला होता. तो आवाज मी ओळखते, कारण नागपुरात नोकरीच्या आठव्या वर्षी माझाही तसाच झाला होता. साठ मुलांचा वर्ग, डोक्यावर घरघरणारे पंखे, बाहेर रस्ता. रोज सहा तासिका, वर एखादी प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास. मी ओरडून शिकवायचे आणि त्याचा मला अभिमान होता. शेवटी रामदासपेठेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. त्या तीन आठवड्यांत मी हिशेब मांडला. सव्विसाव्या वर्षी लागलेल्या बाईला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं तर बत्तीस वर्षं काढायची असतात. माझा घसा आठव्यातच गेला होता.

इंग्लंडने १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या अनुभवी शिक्षकांना तिथली शिक्षकाची अधिकृत पात्रता मिळवण्याची वाट खुली केली. भारतीयांसाठी ती सुरुवातीला गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरतीच होती. माझा विषय गणित. मी अर्ज केला आणि लीड्सला पोचले.

पहिल्याच आठवड्यात एक अनुभवी सहकारी माझ्या वर्गात मागे येऊन बसली. तपासायला आली असेल या धास्तीने माझे हात थरथरत होते. तास संपल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली: मुलं बोलत असताना तू बोलतेस. थांब. उभी राहा, त्यांच्याकडे पाहा, वाट बघ. दुसऱ्या दिवशी मी थांबले. वीस सेकंद गेले, पंचवीस गेले, मला घाम फुटला, आणि वर्ग शांत झाला. त्या दिवसापासून मी वर्गात ओरडलेली नाही. शेरा नाही, गुण नाही, मस्टरवर लाल रेघ नाही. एका शिक्षकाने दुसऱ्याला डोळे उसने दिले, एवढंच. नागपुरातल्या माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्याच्या वर्गात मी मागे बसले ती फक्त बी.एड.च्या पाठांना. हे आठवलं की वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट पाटी. हो, आपलीच पाटी! तिथे प्रत्येक मुलाकडे वहीएवढा पांढरा फळा असतो, मार्कर आणि पुसायला कापडाचा तुकडा. मी एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असं गणित घातलं आणि 'तीन, दोन, एक, दाखवा' म्हटलं. तीस पाट्या एकदम वर. अकरांवर दोन पंचमांश! वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. नागपुरात हेच गणित घातल्यावर मी विचारायचे, "समजलं का?" सगळे म्हणायचे, "होऽऽ." पुढच्या बाकावरची चार मुलं बरोबर उत्तर द्यायची आणि मी पुढे जायचे. ते अकरा जण मला सहामाहीच्या पेपरात भेटायचे, तेव्हा फार उशीर झालेला असायचा. आता ते मला दहाव्या मिनिटाला भेटतात. मी भाकरीचे दोन तुकडे काढते, मग तीन, आणि विचारते, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर भाकरी अर्ध्याहून कमी कशी होईल? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमीच की.

वह्या तपासण्याचंही तसंच. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या गटाने म्हटलं की तपासणी अर्थपूर्ण आणि झेपेल इतकीच असावी. मी आता तीस वह्या वाचते, प्रत्येकीत लाल शाई ओतत नाही. नेहमी होणाऱ्या चुका एका कागदावर उतरवते आणि दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं त्यांनाच देते.

पण हे सगळं करायला वेळ लागतो, आणि खरा फरक तिथेच आहे. तिकडच्या सेवाशर्तींत शिकवण्याच्या वेळेच्या किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी राखलेला असतो. आठवड्याला २५ तास वर्गावर असाल तर अडीच तास, आणि त्यात कोणी प्रॉक्सी लावू शकत नाही. नवशिक्यांना २०२१ पासून दोन वर्षांची साथ आहे: पहिल्या वर्षी आणखी दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के वेळ मोकळा, शिवाय नेमलेला मार्गदर्शक.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तिकडे सगळं चांगलंच आहे."

नाही गं. तिथेही जवळपास एक तृतीयांश शिक्षक पाच वर्षांच्या आत पेशा सोडतात. डिसेंबरात अंधारात शाळेत जायचं, अंधारात परतायचं. उलट उत्तर देणारी मुलं, शाळा तपासणीची टांगती भीती, रविवार खाणारी कामं. माझ्या शेजारच्या वर्गातला एक उमदा मुलगा तिसऱ्या वर्षी सोडून गेला. मी तिला हे सगळं सांगितलं, कारण नागपुरात बसून लीड्सची स्वप्नं विकणं मला जमणार नाही.

आणि आपल्याकडे कागदावर काहीच नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आठवड्याचे ४५ तास धरलेत, ते तयारीसकट. तयारी हे काम आहे, हे २००९ मध्येच मान्य झालंय. त्याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपू नये असं म्हणतं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ८,००० वरून १८,००० झालं. तरी तीन वर्षं मानधनावर काढणारी मुलगी मुख्याध्यापकांपुढे जाऊन "माझ्या मोकळ्या तासिकेत प्रॉक्सी नको" कसं म्हणेल? एकटीने नाहीच म्हणू शकणार. म्हणून मला राग येतो. कलम आहे, पण त्या मुलीच्या वेळापत्रकात ते उतरत नाही. तिथे तिचा त्याग गृहीत धरलेला असतो.

मग आम्ही बसून तिचं वेळापत्रक पाहिलं. आठवड्याला मोकळ्या तासिका पाच, त्यातल्या तीन हमखास प्रॉक्सीत जातात. उरलेल्या दोन पक्क्या धरायच्या ठरल्या. एक फक्त टाचणासाठी, पुढच्या आठवड्यात मुलं नेमकी कुठे अडखळतील ते आधी लिहून काढायला. दुसरी दुसऱ्याच्या वर्गात मागे बसायला. पाट्यांसाठी इतवारीच्या बाजारात चौकशी करणार होती ती. साठ पाट्यांचा खर्च एकदम नको, म्हणून आधी दोघांत एक पाटी, जोडीने उत्तर लिहायचं. रात्री आईने माळ्यावरून माझी जुनी दगडी पाटी काढली, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली. जाताना त्या मुलीने ती पिशवीत घालून नेली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज तसाच होता, डॉक्टरांकडे जायचं वचन मी तिच्याकडून घेतलंय. बुधवारी चौथ्या तासाला ती शेजारच्या वर्गात, मराठीच्या ज्येष्ठ बाईंच्या तासाला बसणार आहे. बाईंनी आधी विचारलं, "काऊन गं, कोणी पाठवलं तुला?" कोणीच नाही म्हटल्यावर हो म्हणाल्या. फक्त बजावलं, "वही घेऊन येऊ नको."