माझं येणं झालं होतं

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, नागपुरात ऊन चढायला लागलं होतं आणि सगळे घरात कोंडलेले, तेव्हा कुणीतरी टेलिग्रामवर शब्दकोड्यांचा एक ग्रुप काढला आणि त्याची लिंक फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. टेलिग्रामच का, तर तिथं नंबर लपवता येतो. नियम एकच होता, खरं नाव सांगायचं नाही आणि दुसऱ्याचं विचारायचं नाही. रोज रात्री नऊला कोडं पडतं, पंधरा मिनिटांत कुणीतरी सोडवतं, आणि मग बारा वाजेपर्यंत जे चालतं ते म्हणजे निव्वळ एकमेकांची खेचाखेची, आणि खरं सांगू तर सगळे त्याच्यासाठीच येतात.

मी तिथं सांबारवडी. एक तर्री आहे, एक डबल डेकर आहे, आणि एक मे महिना. (मे महिना हे नाव मी इथं बदलून लिहितोय, का ते पुढं येईलच. बाकीच्यांना विचारून घेतलंय.) डबल डेकर म्हणजे आपला वर्धा रोडवरचा पूल, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो. तो ३.१४ किलोमीटरचा आहे आणि २०२२ मध्ये गिनीजमध्ये गेला, त्या दिवशी या पठ्ठ्यानं ग्रुपवर दिवसभर सगळ्यांकडून अभिनंदन वसूल केलं. संध्याकाळी तर्रीनं लिहिलं, "३.१४ म्हणजे गणितातला पाय ना बे, म्हणूनच याचं बोलणं संपत नाही." तेव्हापासून डबल डेकरचा मेसेज लांबला की कुणीतरी नुसतं "३.१४" टाकतं, आणि तो हसण्याचे दहा इमोजी टाकून गप्प होतो.

आपल्याकडे ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला आडनाव काय आणि मूळचे कुठले हे दोन प्रश्न येतातच, आणि त्या दोन उत्तरांवर समोरचा मनातल्या मनात जात, घर, ऐपत, किती जवळ जायचं, सगळं मांडून मोकळा होतो. ग्रुपमध्ये ते दारच बंद आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याचं काहीच माहीत नाही त्याची थट्टा करायची तर त्याच्या बोलण्याचीच करावी लागते, त्याच्या घरादाराची करताच येत नाही.

आता मे महिन्याबद्दल. मराठीत लपून राहणं किती अवघड आहे हे मला या एका माणसामुळं कळलं. इंग्रजीत आय वेंट म्हटलं की काम झालं, आपल्याकडे गेलो म्हटलं की बुवा, गेले म्हटलं की बाई, आणि गेली म्हटलं तर बाई तर बाई, वर विदर्भातली हेही कळलं. चार वर्षं झाली असतील, मे महिन्यानं एकदाही सापडेल असं क्रियापद वापरलेलं नाही. "मी झोपलो" नाही, "मी झोपले" नाही, "झोप लागली होती." "मी थकलो" नाही, "थकवा आला." मी चहा घेतला, मी कोडं सोडवलं, यात काही कळत नाही म्हणून ते चालतं. मी येईन, मी करीन, हे तर फारच आवडीचं. भविष्यकाळात बाई न् बुवा सारखेच ना!

मग आमचं सापळे लावणं सुरू झालं. तर्रीनं विचारलं, "काल तू आला होता का आली होती सीताबर्डीवर?" उत्तर आलं, "माझं येणं झालं होतं." डबल डेकरनं विचारलं, "तू शहाणा का शहाणी, एकदाचं सांगून टाक." तर म्हणे, "शहाणपण आहे माझ्यात, तुझ्यात आहे का ते विचारावं लागेल." एकदा जेवणाच्या वेळी मी विचारलं, "जेवला का जेवली बे?" तर, "पोटाला विचारावं लागेल." हे विचारावं लागेल म्हणजे मे महिन्याचा शिक्का. कुणालाही टोला हाणायचा असला की शेवटी तो शिक्का बसतो, आणि ग्रुप दहा मिनिटं हसत राहतो.

एकदा एक नवीन मेंबर म्हणाला, असं नाव लपवून काय मिळतं तुम्हाला. तेव्हा मे महिन्यानंच सांगितलं की राम गणेश गडकरींनी कविता गोविंदाग्रज नावानं लिहिल्या, विनोद बाळकराम नावानं लिहिला, आणि १९१९ च्या जानेवारीत ते गेले ते आपल्या बाजूच्या सावनेरलाच. आणि आपल्या नागपूरचे माणिक गोडघाटे तर जन्मभर ग्रेस राहिले. यावर तर्री म्हणाला, "म्हणजे गडकरी मास्तरांचे एकट्याचेच तीन आयडी, ॲडमिननं काय केलं असतं बे?"

पण आमचा खरा सण म्हणजे मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे बुवांचे पुतळे. बडग्यावर महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची टर उडवलेली असते आणि ती पाटी कोणी लिहिली त्याचं नाव कुठंच नसतं. गर्दीत ओरडतो तोही कुणाला दिसत नाही, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आम्ही दरवर्षी त्या गर्दीत असतो, वेगवेगळे, आणि फोनवर खेळतो. "मी नेहरू पुतळ्यापाशी, हातात बुढ्ढी के बाल." "मी तुझ्या मागेच आहे." "मागे तर चारशे माणसं!" आजपर्यंत कुणी कुणाला शोधलं नाही. सापडू नये असंच सगळ्यांना वाटतं बहुतेक.

थट्टा हद्दीबाहेर गेली की कुणीही फक्त "मारबत" लिहायचं आणि समोरच्यानं थांबायचं, माफी नको, खुलासा नको. एक जण तर्रीच्या बोलण्यावरून त्याचं आडनाव कोणतं असेल याचे अंदाज मोठ्यानं बांधायला लागला, तीन जणांनी मारबत लिहिलं, तो थांबला नाही, ॲडमिननं काढला. तर्री दोन दिवस बोलला नव्हता. मला ते दोन दिवस अजून आठवतात, ग्रुप चालू होता पण कोड्याशिवाय कुणी काही लिहीत नव्हतं.

तर गेल्या महिन्यात सकाळी मी आमच्याकडच्या चक्कीवर गेलो होतो, माझ्यापुढं एक व्यक्ती उभी होती. (व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगीच असतो, त्यावरून काही ठरवू नका, मी सांगणार नाहीये.) वय माझ्या आईपेक्षाही जास्त, चष्म्याला दोरी, स्टीलच्या डब्यात ज्वारी, झाकणावर पिठाचा हात उमटलेला. चक्कीवाला भाऊ म्हणाला, काल काहून नाही आले. "माझं येणं झालं होतं, तुमचं शटर खाली होतं."

मी नुसता उभा राहिलो. असं तर कुणीही म्हणू शकतं ना, मी मनाला समजावलं. चक्कीवाल्यानं विचारलं, बारीक दळू का जाडं.

"दाताला विचारावं लागेल."

पट्टा सुरू झाला, चक्कीच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. पीठ पडताना डब्याभोवती फडकं धरलेले ते दोन हात मी बघत होतो, सुरकुतलेले, नखांच्या कडेला पांढरं पीठ. या हातांना मी चार वर्षं का बे, अबे लेका, असं म्हणत आलोय. तोंडावर आलं होतं सगळं. पण मी फक्त डबा उचलून सायकलला अडकवून दिला, ती व्यक्ती म्हणाली, "सुखी राहा बेटा," आणि गेली.

रात्री नऊला कोडं पडलं. उत्तर मे महिन्यानंच आधी दिलं आणि लगेच माझ्यावर टोला आला, "सांबारवडी आज थंडी झालेली दिसते." रोजचंच आहे हे, रोज मी दोन सेकंदांत परतवतो. मी लिहिलं, "अहो," आणि पुसलं. "तुम्ही" लिहिलं, पुसलं. हात पाया पडण्यासारखेच झाले होते, काय करणार. पण मी एक अहो टाकला असता की सगळ्या ग्रुपला कळलं असतं, आणि मे महिन्याला तर पक्कंच कळलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवसापासून तिथं एक वयस्कर व्यक्ती बसली असती जिची कुणी खेचली नसती. ते मला नको होतं. त्या व्यक्तीला दिवसभरात का बे म्हणणारं आमच्याशिवाय दुसरं कोण असेल!

शेवटी लिहिलं, "थंडी नाही बे, तुझाच उकाडा बाधला."

लगेच खाली तीन टिंबं हलायला लागली.

"बे टाइप करायला आज एवढा वेळ काहून लागला?"