आमची वाटचाल : परसातली ब्राह्मी

आमच्या धंद्याची सुरुवात न्हाणीघराच्या मोरीपाशी झाली. कुडाळजवळच्या आमच्या घरी सांडपाणी माडांच्या आळ्यात सोडलेलं असतं. तिथे ब्राह्मी न लावता माजते, गोल पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी. सासूबाई ती खुडून खोबरेल तेलात कढवायच्या. गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना बाटली मागून न्यायचे. फुकट किती वर्षं द्यायचं, म्हणून मी किंमत लावली. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

पहिलाच मोठा घाणा वाया गेला. एका लिटर तेलाला चार लिटर पानांचा रस लागतो. तो पूर्ण आटायच्या आत मी घाई करून बाटल्या भरल्या. पंधरा दिवसांत तेल आंबूस झालं. सगळ्यांचे पैसे परत केले. मग सासूबाईंनी अबोला सोडून सांगितलं, "तेल गप झाला काय उतरय." रसातलं पाणी असेपर्यंत तेल तडतडतं. तळाचा चोथा बोटांत वळून त्याची वात होते का, आणि ती पेटवल्यावर आवाज न करता जळते का, हे आजही प्रत्येक घाण्याला बघतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतली तैलपाकाची, म्हणजे औषधी तेल नीट कढलंय का याची, परीक्षा हीच, हे मला फार नंतर कळलं.

दुसरा धक्का पुण्याच्या एका वैद्यबाईंच्या फोनचा. म्हणाल्या, "तुमच्या फोटोतली ब्राह्मी नाही, मंडूकपर्णी आहे." आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसंहितेत ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी. तिची पानं बारीक, मांसल आणि चवीला कडूजहर. आम्ही कोकणात पिढ्यान्‌पिढ्या जिला ब्राह्मी म्हणतो ती मंडूकपर्णी, कारिवणासुद्धा म्हणतात. दोन्ही मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, मानलेल्या, पण वनस्पती वेगळ्या. लेबलवर 'मंडूकपर्णी (कोकणातली ब्राह्मी)' असं छापलं. दुकानदार वैतागले, खप घसरला. ते मी बदललं नाही.

मोरीची पानं मात्र वैद्यबाईंनीच बंद करायला लावली. ही वनस्पती माती-पाण्यातले जड धातू शोषून घेते, त्यात साबणाचं पाणी! आता विहिरीच्या पाण्यावर वेगळे वाफे आहेत. परवाना काढला, 'घरगुती' लिहून सुटका होत नाही.

गिऱ्हाईक विचारतं, याने झोप लागेल का? मी सांगते, रात्री काशाच्या वाटीने तळपायांना दहा मिनिटं चोळा, कोमट करून टाळूवर थोडं जिरवा, आणि मोबाइल बाजूला ठेवा. यातलं नेमकं कशाने बरं वाटतं ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर पानं पोटात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी मूठभर पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिंच, मीठ वाटून चटणी करावी. पेजेबरोबर झकास लागते.

हिवाळ्यात नाशिकहून तक्रारी येतात, "तेलात मेण घातलंय." खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतंच हो! बाटली उन्हात ठेवा.

हल्ली अंगणातल्या जुन्या डोणीत जलब्राह्मीही लावली आहे. 'खरी ब्राह्मी कुठली' म्हणून वाद घालणाऱ्याला दोन्हींचं एकेक पान चावायला देते. डोणीतलं चावल्यावर बहुतेक जण आधी पाणी मागतात.