कुबाओच्या बारमध्ये शब्दांचा आखाडा

फिलिपिन्सला येणारा पर्यटक मनिलात फारसा थांबत नाही. विमानतळावरूनच बोराकाय नाहीतर पालावानचं विमान पकडतो आणि समुद्रात उतरतो. मी मुक्काम ठोकला कुबाओला. मनिला महानगरातल्या केसोन सिटीतला हा भाग म्हणजे बस-अड्डे, मॉल, उड्डाणपूल आणि एड्सा नावाच्या महामार्गावर तुंबलेली वाहनं. फोटो काढावा असं फार काही नाही. पण दुबईत माझ्याबरोबर काम केलेल्या एका फिलिपिनो मित्राचं घर तिथून जवळ होतं आणि त्याचा कॉलेजात शिकणारा धाकटा भाऊ रॅपचा वेडा होता. "समुद्र काय कुठेही दिसेल, कुया," असं म्हणत त्याने माझा ताबाच घेतला. दादा म्हणवून घेण्याचं माझं वय कधीच उलटून गेलंय, पण बरं वाटलं.

मनिलात रॅप शोधायला जावं लागत नाही, तो अंगावर येतो. जीपनीत, म्हणजे तिथल्या जीपसारख्या छोट्या बसमध्ये, बसलं की ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या स्पीकरमधून तोच. हेव आबी हा केसोन सिटीचाच गायक. 2023 पासून त्याची संथ, लाडिक प्रेमगाणी पोरांच्या तोंडी आहेत. मला ती आवडली. धाकट्याने मात्र नाक मुरडलं. "हे प्रेमात पडलेल्यांसाठी. उद्या खरं ऐकवतो."

'खरं' म्हणजे रॅपची लढत. एका बारच्या माडीवर, पंखे फिरत असूनही घामाघूम करणाऱ्या खोलीत, शंभरेक जण दाटीवाटीने उभे. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकवून आलेली कॉल सेंटरची मुलं, हेल्मेट काखेत धरलेले डिलिव्हरीवाले, कॉलेजच्या मुली. मधे दोघे समोरासमोर. नाणं उडवलं, पहिला कोण ते ठरलं आणि सुरू. मागे ना ढोल ना बीट, नुसता आवाज. तीन फेऱ्या, शेवटी परीक्षकांचा कौल. धाकटा माझ्या कानात इंग्रजीत अर्थ सांगत होता, पण त्याचं वाक्य संपेपर्यंत खोली पुढच्या ओळीवर फुटलेली असायची. थोड्या वेळाने मी त्याला म्हटलं, राहू दे, मी चेहरे बघतो.

चेहरे बघण्यासारखेच होते. एखादी ओळ सुरू झाली की खोली एकदम शांत व्हायची. यमक कुठे पडणार याचा सगळ्यांना अंदाज आलेला असायचा, आणि ते भलतीकडेच पडलं की गर्जना. हूडी आणि टोप्या अमेरिकेच्या, पण हे ऐकणं अमेरिकेचं नव्हे. मला तर कलगी-तुऱ्याची आठवण झाली: प्रतिपक्षाला पेचात पकडणारा सवाल आणि ताटकळत ठेवलेला जवाब.

याला तिथे जुनी परंपरा आहे. पूर्वी मयताच्या घरी रात्र जागवताना दुप्लो नावाचा पद्यातला वादाचा खेळ चालायचा. 6 एप्रिल 1924 रोजी मनिलात होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेन्तिनो कोल्यान्तेस हे दोन कवी रंगमंचावर पद्यातून भांडले आणि त्या प्रकाराला कवी फ्रान्सिस्को बालागतासच्या नावावरून बालागतासान म्हणू लागले. बालागतासचं 'फ्लोरान्ते आणि लावरा' हे 1838 चं काव्य आजही शाळेत शिकवतात, ओळीला 12 अक्षरं. धाकट्याने रस्त्यात क्वेक-क्वेक, म्हणजे नारिंगी पिठात तळलेली लावेची अंडी, व्हिनेगरमध्ये बुडवून खाता खाता त्यातली कडवी घडाघडा म्हणून दाखवली. शाळेत कंटाळा यायचा, म्हणाला. रॅप ऐकायला लागल्यावर मोजणी कळली.

आताच्या लढतींना हे रूप दिलं फ्लिपटॉप या रॅप-लढतींच्या लीगने. अनिग्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलारिक युसोनने 2010 मध्ये ती सुरू केली आणि यूट्यूबने ती गल्लीबोळात नेली. लूनीसारखे रॅपर तिथूनच घराघरात पोचले. सगळंच कौतुकाचं नाही. मी पाहिलेल्या लढतीत प्रतिस्पर्ध्याची आई, त्याची प्रेयसी, त्याचं बायकी चालणं, याच्या पलीकडे बराच वेळ कुणी गेलंच नाही. स्पर्धकांत एकही मुलगी नव्हती. सोबतच्या मुली हसत होत्या, पण मधूनमधून मोबाइलही बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी कुबाओ एक्स्पोत गेलो. पूर्वी मारिकिनाच्या चपला-बुटांची दुकानं असलेला हा वळणदार बोळ आता जुन्या रेकॉर्ड, जुनं फर्निचर आणि बार यांचा आहे. तिथे एका मुलाच्या टी-शर्टवर झेंड्यातले तीन तारे आणि सूर्य दिसले. हे रॅपर फ्रान्सिस मागालोनाचं देणं. नट-नटीच्या पोटी जन्मलेल्या या माणसाने 1990 मध्ये 'यो!' हा अल्बम काढला. त्यातल्या 'माझ्या देशबांधवांनो' अशा अर्थाच्या गाण्यात तो लोकांना सांगतो की आपल्या सावळ्या रंगाची लाज बाळगू नका. तेव्हा क्लार्क आणि सुबिकचे अमेरिकी तळ अजून उभे होते आणि परदेशातले नातेवाईक पाठवत त्या खोक्यांतून कॅसेटी येत होत्या. अमेरिकेतून आलेली रॅप ही वस्तू त्याने टागालोग या देशी भाषेत, देशाच्या नावाने वाजवली. 2009 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, वय अवघं 44.

माझं मन मात्र ग्लॉक-9 या रॅपरवर बसलं. रिझाल प्रांतातल्या बिनांगोनानचा हा माणूस इतक्या वेगाने बोलतो की श्वास कधी घेतो कळत नाही, तरी शब्द एकही गिळत नाही. 'सिरेना' या गाण्यात बायकी म्हणून बापाचा मार खाणारा मुलगा आहे. बाप त्याला पाण्याच्या पिंपात बुडवतो आणि शेवटी म्हातारपणी त्याच बापाची शुश्रूषा तोच करतो. आदल्या रात्रीच्या खोलीला मी मनातल्या मनात हे गाणं ऐकवलं.

2019 मधली एक गंमत, म्हणजे गंमत कसली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या सरकारच्या अंमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत सरकारी आकड्यांनुसारच एकूण 6,000 हून अधिक माणसं मारली गेली. 2019 मध्ये बालाकिद, कॅलिक्स हे रॅपर आणि त्यांच्या साथीदारांनी 'कोलातेराल' हा सबंध अल्बम या मृतांवर काढला. त्याच वर्षी सरकारी यंत्रणेने शान्ती डोप या कोवळ्या पोराच्या गाण्यावर बंदी मागितली, कारण त्यात नशेचा उल्लेख आहे. नशा संगीताची आहे, असं त्याच्या बाजूचे सांगत राहिले.

निघायच्या आदल्या रात्री मित्राच्या घरी जेवण होतं. धाकट्याने आईसमोर जाहीर केलं की तो एका छोट्या लीगच्या निवड चाचणीला जाणार. आईने भात वाढता वाढता विचारलं, आणि नर्सिंगची परीक्षा? मोठा मुलगा दुबईत, धाकट्याने नर्स होऊन निघायचं हे घरात ठरलेलं. धाकट्याकडे उत्तर तयार होतं: ग्लॉक-9 ने सुद्धा नर्सिंगच केलंय.

"पदवी घेतली त्याने?" आईने विचारलं. घेतली, असं त्याला कबूल करावं लागलं. "मग तू पण आधी ती घे," म्हणत तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. टेबलावरचे सगळे लढतीतल्यासारखे ओरडले.